भिवरामायचा भोपळा

फार वर्षं झाली. किती झाली ते मला विचारू नका, ज्यांना ठाऊक होतं ती माणसं गेली. आमच्या खैरवडीच्या ओढ्याला तेव्हा बारा महिने पाणी असायचं, आणि ओढ्याकाठच्या पहिल्या घरात भिवरामाय राहायची. तिच्या दारातला सपाट दगड अजून आहे. माझ्या मागच्या दारातून अगदी नीट दिसतो. मी काही मुद्दाम बघत नसते, पण दार उघडं असतं आणि आपल्याला डोळे असतात, त्याला काय करणार!

भिवरामाय हाडं बसवायची. नुसतं बोट फिरवलं की आत काय निसटलंय ते तिला ऐकू यायचं, असं म्हणतात. झाडावरून पडलेल्या माणसाला झोळीत घालून आणावं आणि त्यानं संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जावं. एकदा तिनं एका बगळ्याचा मोडका पाय बसवला. मग तो बगळा दर वर्षी तिच्या छपरावर येऊन एका पायावर उभा राहायचा. कुठला पाय खाली? तिनं बसवलेला. चांगला पाय वर घ्यायचा, तिला दाखवायला.

गावातलं प्रत्येक बाळ बाराव्या दिवशी तिच्या पायावर न्हायचं. त्या दगडावर ती पाय पसरून बसायची, बाळाला पालथं घालायची, तेलानं चोळायची आणि ऊन ऊन पाणी ओतायची. तिच्या पायावर न्हालेल्या पोराचं हाड म्हातारपणीसुद्धा कुरकुरत नाही, असं म्हणतात.

पण तिला एक नेम होता. सासूकडून विद्या घेताना तिनं शब्द दिला होता : हा हात हाड बसवील, मोडणार-काढणार नाही. नेम इतका कडक, की चुलीची काटकीसुद्धा ती स्वतः मोडायची नाही. शेजारणी सकाळी येऊन काटक्या मोडून द्यायच्या आणि मोडता मोडता गावभरच्या बातम्याही देऊन जायच्या.

त्या काळी वरच्या खिंडीत हैबती नावाचा वाटमाऱ्या होता. एवढा धिप्पाड, की तो बैलगाडीत मागे बसला की पुढचे बैल अधांतरी लटकायचे, असं म्हणतात. एकदा पलीकडच्या गावात कुणाचा तरी पाय मोडला म्हणून भिवरामाय भरदुपारी एकटीच निघाली. काखेत मोडल्या हाडाला बांधायच्या बांबूच्या कामट्यांचं गाठोडं, हातात सासूनं दिलेल्या चांदीच्या पाटल्या. हैबती आडवा आला. तिनं पाटल्या काढून दिल्या. तो गाठोडं ओढायला लागला.

"बाबा, हे नको नेऊ. एकाचा पाय यावर आहे," ती म्हणाली.

हैबतीनं तिचा गळाच धरला. मागे दरी, आणि तो तिला मागे मागे रेटतोय. तिचा श्वास कोंडला. मग तिनं आपला अंगठा त्याच्या खांद्याखाली टेकवला आणि फिरवला. कट्!

हैबती असा ओरडला की खिंडीतली वानरं तीन दिवस खाली उतरली नाहीत.

"माय गं, मेलो!"

"मेला नाहीस. खांदा निखळलाय. खाली बस."

"बसवशील?"

"बसवीन. आधी तुझी कुऱ्हाड दरीत टाक."

"हात हलत नाही गं!"

"दुसरा आहे ना? त्यानं टाक."

कुऱ्हाड गेली, पाटल्या परत आल्या. तिनं त्याच्या बगलेत पाय लावला, हात ओढला आणि खांदा जागच्या जागी बसवला. त्याचंच पागोटं सोडून त्याचा हात गळ्यात बांधला आणि ती पुढच्या पेशंटाकडे गेली.

आता मजा ऐका. दुसऱ्या दिवशी हैबती गळ्यात हात अडकवून आमच्या गावच्या पारावर हजर! चोरानं तक्रार घेऊन यावं, हे खैरवडीतच होऊ शकतं.

"तुमच्या माईनं मला मारलं," तो म्हणाला. "फार हिंसक बाई आहे."

पारावर दाजीबा होते. गावातले सगळ्यात म्हातारे, नेमधर्माचा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी भिवरामायला बोलावून विचारलं, "भिवरे, खांदा काढलास?"

"काढला," ती म्हणाली. "मग बसवला."

पहिला शब्द सगळ्यांनी ऐकला. पुढचे दोन कुणाच्या कानातच गेले नाहीत.

"अहो, त्यानं गळा धरला होता तिचा!" बायका म्हणाल्या.

"धरला असेल," दाजीबा म्हणाले. "पण त्या हाताला हिंसा लागली. कोवळी बाळं त्या हातात कशी द्यायची?"

झालं. काटक्या मोडायला कुणी येईना. आठ महिन्यांत गावात सात बाळं जन्मली, एकही तिच्या पायावर आलं नाही. लोक हाडं बसवायला यायचे, कारण गरज होती. पण बाळं, तीच तर तिची सगळी हौस होती.

मग तिनं काय करावं? परसातला एक भोपळा आणला. रोज सकाळी पाणी तापवायचं, दगडावर पाय पसरायचे, भोपळा पायावर घ्यायचा, तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, पुसून फडक्यात गुंडाळायचं.

एका शेजारणीला राहवलं नाही. कुंपणावरून तिनं विचारलंच, "माय, भोपळ्याला काय न्हाऊ घालतेस गं?"

"पायांची सवय जायला नको," भिवरामाय म्हणाली. "गुणी आहे बिचारा. रडत नाही, एवढंच वाईट."

तो भोपळा आठ महिने सडला नाही, उलट दिवसेंदिवस तकतकीत होत गेला, असं म्हणतात.

एक दिवस दाजीबा खळ्यावर आपल्या दोन वर्षांच्या नातीला खेळवत होते. मैना तिचं नाव, आजोबांचा जीव की प्राण. दोन्ही हातांना धरून त्यांनी तिला गरागरा फिरवली. ती खदखदा हसत होती आणि एकदम किंचाळली. एक हात लुळा पडला.

दाजीबा पोरीला घेऊन धावत सुटले ते थेट त्या दगडापाशी. भिवरामाय भोपळा पुसत होती. तिनं भोपळा बाजूला ठेवला, मैनेला पायावर घेतलं, एका हातानं तिचा लुळा हात धरला आणि दुसऱ्या हातात गुळाचा खडा धरला. "हे बघ काय!" म्हणेपर्यंत कोपरात बारीकसा आवाज झाला, आणि मैनेनं त्याच हातानं गूळ घेतला.

दाजीबांनी डोळे पुसले.

"कोपर कुणी काढलं?" भिवरामायनं विचारलं.

"मी. पण अगं, मी खेळवत होतो! माया गं, दुसरं काय!"

"मग तुमच्या हाताला हिंसा नाही लागली?"

"माझ्या मनात तिला दुखवायचं नव्हतं."

"माझ्या मनात होतं, दाजीबा," भिवरामाय म्हणाली. "खोटं कशाला बोलू? हैबतीला दुखवायचं होतं मला. पण सुटण्यापुरतं. त्याचा हात माझ्या गळ्यावरून निघाला आणि ते मनातलंही निघालं. राहिलं असतं, तर त्याचा खांदा बसवला असता का मी?"

 दाजीबा वाकले, दारातली काटकी उचलली आणि मोडली. मग दुसरी. तिसरी. दिवस कलेपर्यंत बसून त्यांनी तिचं सगळं जळण मोडून दिलं. आणि दुसऱ्या दिवशी पारावर सगळ्यांना सांगितलं, "तिनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मी म्हाताऱ्यानं एकच ऐकली."

त्याच आठवड्यात एक बाळ बारा दिवसांचं झालं आणि भिवरामायच्या पायावर आलं. एवढं रडलं, एवढं रडलं, की तिला कोण आनंद! हैबतीनं खिंड सोडली. मनात वाईट आलं की त्याचा तो खांदा ठणकायचा, असं म्हणतात.

आजही आमच्याकडे बाराव्या दिवशी बाळाच्या आधी त्या दगडावर भोपळा न्हातो. न्हाऊ घालायला गावातला सगळ्यात म्हातारा पुरुष बसतो, धोतर सावरत, पाय पसरून, आणि बायका हसून हसून बेजार होतात. आणि कुणी कुणाला मारलं, तर पंच 'मारलंस का?' एवढ्यावर थांबत नाहीत. विचारतात, 'मग?'

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या सुंद्रीनं बाजारात अंगावर आलेल्या एकाच्या डोक्यात तांब्या घातला. पंचांनी विचारलं, मग? ती म्हणाली, "मग चक्कर येऊन बसला मेला, तेव्हा त्याच तांब्यानं पाणी पाजलं."

पंच हसले. पुढच्या बाळाच्या बाराव्या दिवशी आधी भोपळा न्हाला, आणि मग बाळ सुंद्रीच्या पायावर दिलं. मी मागच्या दारातून सगळं पाहिलं. छान रडलं.