चूल विझवणारी बुरुडीण

बाळांनो, आणि बाळांच्या आजी-आजोबांनो, ही फार फार जुनी गोष्ट. एका राजाने गावोगावी आरोग्यशाळा बांधल्या. प्रत्येक ठिकाणी एक वैद्य आणि एक मोठा हंडा. हंड्यात रोज काढा उकळावा आणि गरज असेल त्याला द्यावा, असा हुकूम होता. सकाळी राजा गच्चीत जाई, चहूकडे उठणाऱ्या धुराच्या रेघा पाही आणि म्हणे, "काढा उकळतो आहे. प्रजा सुखी आहे!"

मग निवांत न्याहारीला बसे.

डोंगरपायथ्याच्या गावातला वैद्य मात्र कधीच राजधानीत जाऊन बसला होता. प्रधानाचे गुडघे दुखत, ते चोळायला वैद्य सतत हाताशी लागे. गावात उरला एक पहारेकरी. तो हंड्याखाली ओला पालापाचोळा जाळी. कोणी औषध मागितलं की म्हणे, "वैद्यबुवा येतीलच. तोवर धुरात उभे राहा. राजाचा धूर आहे, निम्मं दुखणं पळतं." आणि काय सांगावं, भाबडी माणसं खोकत खोकत धुरात उभी राहत, वर राजाचे आभार मानून घरी जात!

त्या गावात टोपल्या विणणाऱ्या एका बुरुडिणीची लेक तापाने फणफणली. डोळे उघडेना, पाणी घेईना. सकाळीच बुरुडिणीने तिला खांद्यावर टाकलं आणि आरोग्यशाळा गाठली.

"धुरात उभी राहा," पहारेकरी म्हणाला.

"धूर माझ्या घरच्या चुलीलाही आहे. औषध कुठंय?"

तिने हंड्याचं झाकण उचललं. आत नुसतं पाणी. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. लेकीला ओट्यावर निजवून तिने सगळा हंडा चुलीत कलंडवला.

"अगं बये, चूल विझवली तर फटके बसतात!"

"बसू देत. बोलाव तुझ्या राजाला."

बोलवावं लागलंच नाही. एक रेघ कमी दिसताच राजा घोडेस्वारांसह दौडत आला. "माझ्या दयेची चूल कोणी विझवली?"

"मी विझवली," बुरुडीण म्हणाली. "गावातली पोरं तापाने गेली तेव्हा कोणी फिरकलं नाही. धूर थांबला, तर घोडे आले! आणि दया कसली, महाराज? आमच्याच धान्यावर वैद्य पोसलाय. तो प्रधानाचे गुडघे चोळतोय आणि माझी लेक इथं जळतेय."

राजाने रिकाम्या हंड्यात डोकावून पाहिलं, तर तळाशी काढ्याचा डागसुद्धा नव्हता. तो ओशाळला. "बाई, तुझ्या लेकीला राजवाड्यात नेतो. राजवैद्य तिला बघेल."

क्षणभर तिचा जीव लेकीत अडकला. पण ती जागची हलली नाही. "एकट्या माझ्याच लेकीला नको. वैद्य इथंच आणा, आत्ता आणा, आणि इथंच बसवा. नाहीतर ही चूल पुन्हा पेटायची नाही."

तिच्यामागे पाणवठ्यावरून परतणाऱ्या बाया भरल्या घागरींनिशी उभ्या राहिल्या. एकीनेही घागर खाली ठेवली नाही.

राजाने लगेच घोडेस्वार पिटाळला. दुपारच्या आत वैद्य ओट्यावर हजर झाला, काढा खरोखर उकळला आणि संध्याकाळी लेकीने डोळे उघडले. राजाने नवा कायदा केला: वैद्य जागेवर नसेल तर कोणीही चूल विझवावी, आणि त्याचा जाब राजाने द्यावा. प्रधानाला मात्र गुडघे चोळून घ्यायला डोंगरपायथ्याशी यावं लागलं. तिथे रांग होती. तो रांगेत उभा राहिला.

बोध: हक्काचं ते दान समजून घेऊ नये, आणि मिळालं नाही तर जाब विचारल्यावाचून राहू नये.