स्वयंसेवक जानू आणि वाळूवरचा गादा

एका किनाऱ्यावरच्या गावात जानू नावाचा एक भोळा स्वयंसेवक होता. भोळा हे मी आपलं रीत म्हणून म्हणतो. गाव त्याला सरळ ठोंब्या म्हणायचं, आणि गावाचं काही चुकत नव्हतं.

वाळूत अडकलेले डॉल्फिन, म्हणजे आमच्याकडचे गादे, वाचवायला जनावरांच्या डॉक्टर नीलांबरीबाईंनी गावात पथक काढलं. पिवळं जाकीट फुकट होतं. जानूने पहिलं नाव दिलं.

एका सकाळी ओहोटीला एक गादा वाळूवर अडकला. जिवंत होता. भरती यायची दुपारी. तोवर तगला तर जगला, नाहीतर संपला. बाई होत्या तालुक्याला. त्यांनी जानूला फोन केला.

"मी निघालेय. तोवर त्याला ओलं ठेव."

जानूने बादली भरली आणि गाद्याच्या डोक्यावरच्या भोकात ओतली. गादा जोरात फुरफुरला.

"बाई, शिंकतोय ह्यो!"

"अरे गाढवा, ते नाक आहे त्याचं! नाक सोडून अंगावर पाणी घाल. उन्हात पडलंय, कोरडं पडता कामा नये."

"कळलं."

गादा ओला झाला. मग जानूने आजूबाजूला पाहिलं. कोळीण आनशीमावशीने जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, सुकायला पसरला होता. तोही उन्हातच पडलेला. जानूने त्याच्यावर वीस बादल्या ओतल्या. मावशीची आठ दिवसांची मेहनत चिखलात गेली.

"मेल्या!" मावशी झाडू घेऊन धावली. "आधी जीव हाय का नाय ते तरी बघ!"

जानूने पुन्हा फोन लावला. "बाई, जीव कसा बघायचा?"

"श्वास मोज. मिनिटाला तीन-चार असले तर ठीक. फार वाढले तर जीव घाबरलाय. मग पाणी चढलं की झोळीत घालून खोल पाण्यात सोडा. माघारी आला तर तोंड फिरवून पुन्हा ढकला."

"कळलं."

पाणी चढू लागलं आणि सरपंच दत्ताराम आले. पांढरे कडक कपडे, सोबत फोटोवाला. लग्न असो, मयत असो, यांना मधोमध उभं राहायचं असतं. मागोमाग सगळं गाव मोबाइल घेऊन आलं. बादली एकाच्याही हातात नव्हती. सरपंचांनी फोटोसाठी गाद्यावर पाय ठेवला. गाद्याने शेपटी हाणली. सरपंच उताणे पडले आणि धापा टाकू लागले.

जानूने घड्याळ लावून मोजलं. गादा चार. सरपंच छत्तीस.

"झोळी आणा रे!"

पथकातल्या चौघांनी काही विचारलं नाही. विचारायची सवय गावात कुणालाच नाही. झोळी उचलली गेली. गर्दी मोबाइल उगारून तिच्यामागे धावली आणि गाद्याभोवती पहिल्यांदाच मोकळं झालं.

तेवढ्यात बाई पोचल्या. झोळी जागेवर नव्हती. त्यांनी आणि आनशीमावशीने एक चादर गाद्याखाली सरकवली, वाढत्या पाण्यात त्याला वळवलं, आणि गादा सुटला. बाईंना रडूच आलं. मग डोळे पुसून त्यांनी समुद्राकडे पाहिलं.

छातीभर पाण्यात जानू उभा होता. सरपंच हातपाय मारत त्याच्यापर्यंत आले होते. तिसऱ्यांदा.

"अरे, मी माणूस आहे, माणूस!"

जानूने हळूच त्यांचं तोंड समुद्राकडे फिरवलं आणि ढकललं.

"घाबरू नका, सरपंच. तुमचा कळप तिकडंच हाय."