थोरला खटका, धाकटा खटका

गावोगाव पाव सायकलवरून यायचा, तेव्हाची गोष्ट. हुसेनभाई पाववाल्यांच्या सायकलीच्या मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलमध्ये दोन खटके राहत होते. पायडल मारलं की दोघांनी दात्यांत अडकून चाक ओढायचं आणि उतारावर टकटक करत निवांत घसरायचं, एवढंच त्यांचं काम.

जुन्या ग्रीसमध्ये धूळ बसून त्याचा काकवीसारखा चिकटा झाला. त्यात धाकटा खटका रुतला, तो उठेचना. थोरला म्हणाला, "राहू दे, मी ओढतो." महिनाभर त्यानं एकट्यानं भार पेलला. कड झिजली, तरी हूं की चूं केलं नाही. आपल्यावाचून गाडी हलत नाही, याचं त्याला मनातून बरंही वाटत होतं.

एके सकाळी पावांची पेटी लादून चढ चढताना थोरला दात्यातून निसटला. पायडल फुकट फिरलं आणि हुसेनभाई पावांसकट रस्त्यावर आले.

घरी गुडघ्याला हळद लावून त्यांनी फ्रीव्हील खोललं आणि रॉकेलमध्ये धुतलं. मोकळा झालेला धाकटा म्हणाला, "दादा, मला उठता येत नव्हतं. पण तुला ओरडता येत होतं ना?"



हुसेनभाई पुन्हा ग्रीसच्या डब्याकडे वळले, तशी त्यांची बायको रुकय्या म्हणाली, "परत चिकटवणार का? पातळ तेल सोडा." त्यांनी तेल सोडलं.

पुढे धाकटा जरासा अडखळला, की थोरला आधी खरखर करायचा. हुसेनभाई वैतागायचे, खाली उतरायचे आणि तेलाची बाटली काढायचे.