कमरेइतकं चाक

फार पूर्वी, जिथे वारा कधी बसतच नसे अशा एका उंच पठारावर एक गाव होतं. साध्या सायकलीवर ताठ बसलेला माणूस तिथल्या वाऱ्याच्या एका थपडेत आडवा व्हायचा. म्हणून गावाने आपली वेगळीच सायकल काढली होती. आरामखुर्चीत रेलावं तसं तिच्यावर पाठ टेकून बसायचं, पाय समोर पसरायचे आणि पुढच्या चाकाच्या वर बसवलेली पायडलं मारायची. वारा डोक्यावरून निघून जायचा. लोक तिला उताणी म्हणत.

उताणीचं चाक कमरेइतकंच असलं पाहिजे, असा गावाचा नियम होता. कोणाच्या कमरेइतकं? तर पाटलाच्या पणजोबांच्या. हे पणजोबा एवढे उंच होते म्हणे, की देवळात शिरताना देवाआधी दाराच्या चौकटीलाच वाकावं लागे. त्यांनी आपल्या मापाचं चाक करून घेतलं, ते त्यांना शोभलं, आणि त्यांना शोभलं म्हणून गावाला लागू झालं. पणजोबा गेले, चाक राहिलं. 'चाक लहान त्याचा शब्द लहान' अशी म्हणही पडली. नियम जुना झाला की त्याला म्हण चिकटते, आणि म्हण चिकटली की मग त्याचं कारण कोणी विचारत नाही.

त्या गावात एक काढेवाली होती. वैद्याने उकळलेला काढा मडक्यांत भरून पठारावरच्या वस्त्यांवर पोचवायचा, हे तिच्या घरचं काम. आधी तिचे वडील करायचे. त्यांची कंबर धरली तेव्हा फेरी मुलीकडे आली, आणि फेरीबरोबर वडिलांची उताणीही आली. वडील ताडमाड. मुलगी आईवर गेलेली, बुटकी.

गाडी चालू असताना ती कोणाला हार जात नसे. अडचण यायची ती थांबताना. चाकं मोठी म्हणून बैठक उंच, आणि बैठक उंच म्हणून तिचे पाय अधांतरी. ब्रेक लावून ती दोन्ही पाय खाली सोडायची, तेव्हा जमीन अजून वीतभर लांब असायची. गाडी एका अंगाला कलायची, मडकी कलंडायची आणि काढा मातीत जायचा. तिचं काम तर दारोदारी थांबण्याचंच होतं.

शेवटच्या वस्तीवर दम्याची एक आजी राहायची. तिथवर पोचेपर्यंत मडक्याच्या तळाशी जेमतेम घोटभर उरायचा. आजी तो प्यायची, बोलण्यापुरता श्वास गोळा करायची आणि म्हणायची, "आलीस ना, पुष्कळ झालं." ते 'पुष्कळ' काढेवालीला घरी पोचेपर्यंत टोचत राहायचं.

गावातले लोक मात्र सरळ बोलायचे.

"हिला गाडी जमत नाही."

"पाय आहेत का आमटीच्या पळ्या? बुडाशी पोचतच नाहीत."

गाडीला हिचे पाय जमत नाहीत, असं कोणी उलटं करून म्हटलं नाही. मडकं फुटलं की सगळी बोटं तिच्या पायांकडे जायची. शेजारी एवढं मोठं चाक उभं असायचं, ते कोणाला दिसायचं नाही.

रोज ऐकून ऐकून तिलाही तेच खरं वाटू लागलं. म्हणून तिने आधी पायच वाढवायचे ठरवले. लाकडाचे जाड ठोकळे चपलांखाली बांधले. जमीन मिळाली, पण पहिल्याच वळणावर ठोकळ्याची टाच पुढच्या चाकात अडकली आणि काढेवाली मडक्यांसकट निवडुंगात गेली.

घरी काटे काढता काढता वडील म्हणाले, "बये, गाडी माझ्या मापाची, पाय तुझे. त्या दोघांचं जमत नसेल तर मार तू का खातेस?"

दुसऱ्या दिवशी ती चाकं करणाऱ्या सुताराकडे गेली.

"सुतारदादा, मला लहान चाकं बसवून द्या."

"केवढी लहान?"

"सगळ्यांत लहान असतील ती."

"नियम मोडायचाच तर पुरताच मोडायचा म्हणतेस," सुतार म्हणाला. माणूस भला, पण पाटलाला भिणारा. त्याने रस्त्यावर कोण आहे ते डोकावून पाहिलं आणि हातगाडीची दोन चिमुकली चाकं काढून तिच्या गाडीला लावली. दुकानामागच्या कातळावर तिने चालवून पाहिली. पाय छान टेकत होते. मात्र कातळाच्या पहिल्याच भेगेत पुढचं चाक रुतलं, गाडी जागीच थांबली आणि काढेवाली तेवढी पुढे गेली.

"मोठं उंच होतं, लहान रुततं," सुतार डोकं खाजवत म्हणाला. "आता माप घ्यायचं तरी कुठून?"

ती दमून फळ्यांच्या ढिगावर बसली. इथेही पाय लोंबकळतच होते. तिने वैतागून उठून एक फळी ओढून काढली आणि पुन्हा बसली. पायांची बोटं टेकली. आणखी एक काढली. आता अख्खा तळवा जमिनीला लागला, गुडघा जरासा वाकला, आणि तिला एकदम हायसं वाटलं.

"इथून घ्या," ती म्हणाली.

"म्हणजे आधी बूड आणि मग चाक?"

"आधी पाय, मग बूड, मग चाक."

सुताराने ढिगाची उंची दोरीने मोजली, बैठक तेवढ्यावर आणली आणि तिच्याखाली मावेल ते चाक शोधलं. ते तिच्या गुडघ्याच्या जरा वर आलं. हातगाडीच्या चाकाहून मोठं, पणजोबांच्या चाकाहून पुष्कळ लहान.

"एक आधीच सांगतो," तो म्हणाला, "लहान चाक एका फेऱ्यात कमी अंतर तोडतं. पायडलाचं दातेरी चाक मोठं घालतो, म्हणजे तेवढं भरून निघेल. रबरही जाड घालतो, नाहीतर दणके सगळे तुझ्या मणक्यात. तरी थोडे बसणारच."

"बसू देत. पडण्यापेक्षा बरे."

"आणि पाटलाने विचारलं तर?"

"सांगा, तिने करून घेतलं."

पाटलाने विचारलंच. तो चावडीसमोर आपल्या उताणीवर रेललेला होता. दोन गडी दोन्ही बाजूंनी गाडी धरून उभे होते. पाटील जाईल तिथे हे गडी गाडीमागे धावायचे आणि थांबेल तिथे गाडी धरायचे. गावात हा मान समजला जाई. गड्यांना काय वाटतं, हे त्यांना कोणी विचारलेलं नव्हतं.

"हे काय," पाटील म्हणाला, "पाळणा काढलास होय? बाळ कुठाय?"

चावडी हसली.

"पाटील, यावर माझे पाय टेकतात. काढा सांडत नाही."

"पाय टेकायला गाडी कशाला हवी? चालत जा की. गावाचं चाक कमरेइतकं."

"माझी कंबरही गावातच राहते, पाटील."

या वेळी चावडी हसली ती पाटलाला ऐकू येऊ नये इतपत. पण त्याला ऐकू आलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "उद्याची फेरी यावर मार. मी स्वतः मागे येतो. एक मडकं जरी कलंडलं तरी फेरी माझ्या पुतण्याची, आणि ही चाकं चुलीत."

"आणि नाही कलंडलं तर?"

"नाही कलंडलं तर बघू."

'बघू' हा शब्द असल्या लोकांचा फार लाडका. तो दिला तरी काही दिल्यासारखं होत नाही.

दुसऱ्या दिवशी काढेवाली निघाली. मागे पाटील, पाटलामागे धापा टाकणारे गडी. तिचे पाय भराभर फिरत होते, दणकेही बसत होते, सुतार खोटं बोलला नव्हता. पण दार आलं की ती ब्रेक लावायची आणि दोन्ही तळवे जमिनीवर ठेवायची. बस. मडकं द्यायची, रिकामं घ्यायची, पुढे निघायची. दारातल्या बाया तिच्याकडे पाहतच राहायच्या, कारण ती काढा घेऊन आल्यावर आधी तिला उचलायची त्यांना सवय होती.

"पाय चालवतेस की चरखा?" पाटील मागून ओरडायचा. ती मडक्यांचा आवाज ऐकत होती. फुटल्याचा आवाज येत नव्हता.

शेवटच्या वस्तीआधी लांबलचक उतार होता आणि वारा पाठीमागून होता. पाटलाला वाटलं, आपण आधी पोचावं आणि समोर उभं राहून हिला पडताना पाहावं. त्याने जोर मारला आणि तिला मागे टाकलं. गडी तर केव्हाच मागे पडले होते.

काढेवाली पोचली, थांबली, तळवे टेकवले. वस्तीच्या मधोमध पिंपळाचा पार होता. पारावर आजी बसली होती, आणि पाटील त्या पाराभोवती गोल गोल फिरत होता.

"पाटील, थांबा की," आजी धाप घेत म्हणाली.

"थांबतोय," पाटील म्हणाला आणि निघून गेला. पुन्हा आला.

"गूळपाणी देऊ?"

"गडी येऊ देत," म्हणत तो पुन्हा गेला.

काढेवालीने त्याच्या गाडीकडे नीट पाहिलं आणि तिच्या सगळं ध्यानात आलं. पणजोबांपासून पाटलापर्यंत घराण्याची उंची उतरत आली होती, चाक तेवढंच राहिलं होतं. पाटलाचे पायही जमिनीला पोचत नव्हते. जन्मात तो एकदाही स्वतः थांबला नव्हता. दर वेळी कोणीतरी त्याला थांबवलं होतं.

तिची मडकी शाबूत होती. ती पैज जिंकली होती. तिला एक क्षण वाटलं, आपणही म्हणावं, बघू. पण ब्रेक आणि जमीन यांच्यामधली ती वीतभर पोकळी तिच्याइतकी कोणाला माहीत होती? पाटलाचा चेहरा पांढरा पडला होता. पडण्याच्या आधी तिचाही रोज असाच पडायचा.

तिने आधी भरलेलं मडकं आजीच्या हातात दिलं. मग ती पाटलाच्या वाटेशेजारी जाऊन उभी राहिली.

"ब्रेक लावा. मी धरते."

"तू? तुझी उंची केवढी?"

"गाडी धरायला उंची लागत नाही, पाटील. पाय जमिनीवर लागतात."

आणखी एक फेरी मारून त्याने ब्रेक लावला. गाडी कलली, तिच्या खांद्यावर आली. तिने पाय रोवले आणि ती पेलली.

आजीने तोवर भांडं भरून काढा घेतला होता. श्वास जागेवर आल्यावर ती म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही आमच्या वस्तीवरून न थांबता निघून जायचात. वाटायचं, माणसाला केवढा ताठा. गड्यांशिवाय तुम्हाला थांबताच येत नव्हतं होय?"

पाटील पाराच्या कडेला बसला. गडी पोचले तेव्हा तो आपल्या लोंबकळणाऱ्या पायांकडे पाहत होता.

"मला केवढं चाक लागेल गं?" त्याने हळूच विचारलं.

"ते मी सांगून काय उपयोग," काढेवाली म्हणाली. "सुतारदादाकडे फळ्यांवर बसा. एकेक फळी काढत चला. पाय टेकले की तुमचं माप तुम्हाला कळेल."

परतताना पाटील गाडी हाताने ढकलत चालला. त्याचे गडी त्या दिवशी पहिल्यांदा न धावता, गप्पा मारत घरी आले.

फेरी काढेवालीकडेच राहिली. सुताराच्या दारात फळ्यांचा ढीग कायमचा पडला. उताणी हवी असेल त्याने आधी त्यावर बसायचं, मग चाकाचं बोलायचं. उंच माणसांनी उंच चाकंच नेली. त्यांच्याशी कोणाचं भांडण कधी नव्हतंच.

तात्पर्य: जी गाडी आपली आपल्याला थांबवता येत नाही, ती कितीही मानाची असली तरी आपल्या मापाची नाही, आणि दुसऱ्याच्या पायांना आखूड म्हणण्याआधी आपली गाडी कोण धरून उभं आहे, ते पाहून घ्यावं.