साखर वाढली

एका राज्यात साखरेचा दर दगडावर कोरलेला होता. तो दगड बाजाराच्या मध्यावर उभा होता. त्यावरच्या दराहून कुणी अधिक मागितलं की दगड मागणाऱ्याचं नाव घेऊन मोठ्याने ओरडे. म्हणून कुणी मागत नसे.

हे असं पूर्वी नव्हतं. पूर्वी चार सावकार साखर तळघरात दडवून ठेवत आणि भाव चढला की बाहेर काढत. एकदा तर लोकांनी साखरपुड्याच्या पुड्यात पांढरी रेती बांधली. ते पाहून राजा इक्षुध्वजाने हुकूम काढला. राज्यात जेवढी साखर होईल तेवढी कोठारात यावी. तिथून दर महिन्याला माणशी एक मापटं सुटावं. कमी नाही, जास्त नाही.

कोठार कालखंज नावाच्या मांत्रिकाने बांधलं. त्याच्या दाराला कुलूप नव्हतं, किल्ली नव्हती. ते फक्त एका साळुंकीचं ऐके. दर पौर्णिमेला साळुंकी घरोघर जाई आणि विचारी, "साखरेचं काय?" घरचे जे सांगतील ते शब्द ती दरबारात येऊन जसेच्या तसे बोले. घरात साखर उरली असेल तर तेवढी वजा करून दार कमी उघडे, नसेल तर मापटं पुरं भरेल इतकं जास्त. राजा म्हणे, माझं राज्य साळुंकीच्या जिभेवर चालतं. ते खरंच होतं.

कोठारावर हैबती नावाचा मापारी होता. मापटं भरून वर तळहात फिरवायचा, तो असा की एक दाणा इकडचा तिकडे होत नसे. त्याचा धाकटा भाऊ बयाजी. तो शाळेत टिकला नाही, कामात टिकला नाही, पण भावाच्या मागे सावलीसारखा टिकला. हैबती त्याला म्हणे, "तू आधी बोलतोस, मग ऐकतोस. एक दिवस गोत्यात येशील." बयाजी हसे.

एका वर्षी उसाला फुलोरा लवकर आला. रस पातळ निघाला, साखर कमी पडली. पौर्णिमेच्या आधीच काही घरांतल्या बरण्या रिकाम्या झाल्या. साळुंकी आली. तिने विचारलं, साखरेचं काय? बायकांनी सांगितलं, "साखर वाढली."

आता त्या राज्यात घरातली वस्तू संपली असं कुणी म्हणत नसे. संपली म्हटलं की ती पुन्हा घरात येत नाही, असा त्या शब्दाला शाप होता. म्हणून बांगडी फुटली की वाढली म्हणायचं, दिवा विझवला की वाढवला म्हणायचं आणि साखरेची बरणी रिकामी झाली की साखर वाढली म्हणायचं. हे घराघरात पोरासोरांना ठाऊक होतं. राजवाड्यात मात्र कधी काही संपलंच नव्हतं. म्हणून तिथे हा शब्द कुणाला माहीत नव्हता.

साळुंकी दरबारात बोलली, साखर वाढली. दार कमी उघडलं. पुढच्या महिन्यात आणखी घरं रिकामी झाली. आणखी घरं म्हणाली, वाढली. दार आणखी कमी उघडलं. तिसऱ्या महिन्यात साऱ्या राज्यातून एकच शब्द आला.

राजाने विचार केला. माणशी एक मापटं देऊन घराघरात साखर वाढते कशी? कुणाचा तरी हात सैल आहे. त्याने हैबतीला उभं केलं. हैबती म्हणाला की त्याने एक दाणा अधिक दिलेला नाही; वाढलीचा अर्थ सांगायचा तर तो शापाचा शब्द तोंडी आणावा लागला असता. राजाने विचारलं, याला साक्ष कोण?

बयाजी गर्दीतून धावत पुढे आला.

राजा म्हणाला, "एका शब्दात सांग. तुमच्या घरी साखर वाढली की नाही?"

"वाढली, महाराज, पण..."

राजाने हात वर केला. दरबार हसला. हैबतीने भावाकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, ते अधिक वाईट होतं.

वाढलेली साखर परत येईपर्यंत मापाऱ्याने कोठारात राहावं, असा निवाडा झाला. हैबती आत गेला. दार लागलं. बयाजीने दारावर डोकं आपटलं, मुठी आपटल्या. दाराने त्याचं ऐकलं नाही.

मग तो कालखंजाच्या डोंगराकडे निघाला. जायला दोन दिवस लागले. मांत्रिक उंबराखाली बसून मुंग्यांना नावं देत होता.

"दार फक्त साळुंकीचं ऐकतं," मांत्रिक म्हणाला. "साळुंकी फक्त घरातलं ऐकते. एका घरातून तरी तिला खरा शब्द ऐकू येऊ दे."

त्याने तीन पिसं दिली. एक पीस फुंकलं की साळुंकी एकदा येईल. तीन पिसं, तीन घरं. चौथं नाही.

परत यायला दोन दिवस लागले.

पहिलं घर गोजराबाईचं. बयाजीने पीस फुंकलं, साळुंकी उंबऱ्यावर उतरली. बयाजीने हात जोडले, म्हणाला, आजी, तो शब्द उच्चार. म्हातारीने रिकामी बरणी पदराखाली घेतली. "परवा नातीचा साखरपुडा आहे, बाबा. माझ्या तोंडून तो शब्द काढतोस? तुझ्या जिभेला काही हाड?" आणि साळुंकीला तिने सांगितलं, वाढली हो, वाढली.

दुसरं घर रामशेट हलवायाचं. त्याची भट्टी महिनाभर थंड होती, साच्यांत कोळ्यांनी जाळी केली होती. बयाजी त्याच्या पाया पडला. हलवाई रडला, पण म्हणाला, "तो शब्द बोललो तर ही भट्टी पुन्हा पेटायची नाही." त्यानेही तेच सांगितलं.

तिसरं घर त्याचं स्वतःचं. आई चुलीपाशी बसली होती. तिने दोन ताटं मांडून ठेवली होती, रोज मांडत होती. बयाजीने शेवटचं पीस फुंकलं. साळुंकीने विचारलं, साखरेचं काय? आईने ओळखलं आणि उठून पोराच्या तोंडावर हात दाबला.

बयाजीने तो हात हळूच बाजूला केला. "संपली," तो म्हणाला. "आमच्या घरातली साखर संपली."

चुलीतलं लाकूड तडकलं. बाकी काही झालं नाही.

साळुंकी उडाली. दरबारात तिने तो शब्द टाकला आणि त्याच क्षणी कोठाराचं दार कडेपर्यंत उघडलं. राजा धावत आला. बयाजी त्याच्या आधी पोचला होता.

आत तीन महिन्यांच्या न सुटलेल्या साखरेचे डोंगर होते. त्यांच्या पायथ्याशी पुडे मांडलेले होते. घराघराचे, माणशी एक मापटं, ओळीने. हैबतीने अंगरखा फाडून पुडे बांधले होते, अंगरखा पुरला नाही तेव्हा धोतराचा काठ फाडला होता. गोजराबाईचा होता, हलवायाचा होता. शेवटचा पुडा हैबतीच्या मांडीवर होता, अर्धा बांधलेला. मापटं हातात होतं. ओठ पांढरे पडले होते. कोठारात साखर होती, पाणी नव्हतं.

बयाजीने राजाला सांगितलं, वाढली म्हणजे काय. राजाने ऐकलं आणि मुकुट काढून खाली ठेवला.

त्या दिवशी घरोघर पुडे गेले. बयाजीच्या घरीही गेला. त्या शब्दाचा शाप तिथेच तुटला, कारण ज्या घराने तो उच्चारला त्या घरात साखर परत आली. हैबती आला नाही.

राजाने नवा हुकूम काढला. साऱ्या राज्याला मापटं पोचल्यावरच राजवाड्याला मिळेल. वाड्यातली बरणी रिकामी होऊ दे, म्हणजे आम्हालाही शब्द कळतील. मग त्याने कारकुनाला सांगितलं की दराच्या दगडावर लिही, मापारी हैबती देवाघरी गेला.

"नको," बयाजी म्हणाला.

"मग काय लिहू?" कारकुनाने विचारलं.

"माझा भाऊ मेला, महाराज. पाणी नव्हतं म्हणून मेला. तसंच लिहा."

कारकुनाचा हात थांबला. राजाने मान हलवली. तसंच कोरलं गेलं, दराच्या वर.

पुढे त्या राज्यात कधी साखर दडली नाही, की भाव चढला नाही. पौर्णिमेला साळुंकी दरबारात येई. आधी ती दगडावरची ती ओळ बोले, आणि राजा उभा राही. मग ती घरोघरची साखर सांगे. आणि जिथे संपली असेल, तिथे संपली म्हणे.