सोनबाचं कोडं आणि गिरजाकाकूचा धागा

सह्याद्रीच्या उताराला हिवरटेक नावाचं एक गाव होतं आणि त्या गावाला लपवण्याचा नाद होता. धान्य नव्हे, दागिने नव्हेत. हे लोक पितळेची एक साधी डबी लपवायचे आणि बाकीचे ती शोधत फिरायचे. हल्ली शहरातली माणसं हातात मोबाईल धरून असाच काहीसा खेळ खेळतात म्हणे. हिवरटेककरांना कुणी हे कौतुकानं सांगितलं असतं, तर ते नुसते मिशीत हसले असते.

खेळाचे नियम थोडे होते, पण कडक होते. पाडव्याला चावडीच्या भिंतीवर खडूनं कोडं लिहिलं जाई. कोडं नेईल तिथं जायचं, डबी काढायची, आतल्या दोरीला आपल्या घरच्या रंगाचा धागा बांधायचा आणि डबी होती तिथं ठेवून गप्प घरी यायचं. लपवणाऱ्यानं डबी ठेवल्यावर त्या जागेकडे फिरकायचं नाही, कारण त्याच्या नुसत्या नजरेवरून जागा ओळखणारे बहाद्दर गावात होते. चैत्री पौर्णिमेला भैरोबाची जत्रा भरे. तोवर ज्याचा धागा सगळ्यांत आधी बांधला जाईल, त्यानं दीपमाळेचा पहिला दिवा लावायचा. डबी कुणालाच सापडली नाही, तर तो मान लपवणाऱ्याचा. बक्षीस म्हणाल तर एवढंच. पण त्या एका दिव्यासाठी माणसं ताटावरून उठून जायची.

डबी घडवायची आणि लपवायची ती सोनबा तांबटानं. हात जितका कसबी, तितकंच डोकं तिरकं. त्याची कोडी ऐकून आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं कान पकडायची. पण तेलाचा घाणा चालवणाऱ्या गिरजाकाकूपुढे त्याचं काही चालत नसे. दरवर्षी हा नवी युक्ती काढी आणि दरवर्षी डबीत पहिला धागा निघे तो काकूचा, हळदीच्या रंगाचा. मग ती मुद्दाम त्याच्या दुकानावरून जाई आणि म्हणे, "भावजी, औंदा लईच सोपं घातलंत की!" सोनबा वरवर चिडे, पण घरी बायकोला म्हणे, "त्या बाईचं डोकं म्हंजे डोकं हाय."

एका वर्षी मात्र सोनबानं ठरवलं, यंदाचा दिवा आपलाच. पौषात हाताला काम कमी होतं, तेव्हा त्यानं डबी लपवून टाकली. दिव्यासाठी पितळेची एक नवी दिवटीही घडवली आणि चिंच लावून अशी घासली, की तीत तोंड दिसावं. पाडव्याला त्यानं चावडीवर लिहिलं:

"जागची मी हलत नाही, हलतो माझा काळा गडी;
ऊन माथ्यावर आलं की त्याच्या डोईपाशी दडी."

गाव कामाला लागलं. दुपारपर्यंत सगळ्यांना उत्तर सापडलं होतं. न हलणारा तो घाणा आणि त्याच्याभोवती हलणारा काळा गडी म्हणजे काकूचा काळा बैल! झालं. भर उन्हात निम्मं गाव घाण्यावर लोटलं. कुणी बैलाचं जू उलटंपालटं केलं, कुणी गव्हाणीत हात घातला. एकानं तर बैलाच्या शिंगांमध्ये बोटं घालून पाहिली. बैलानं त्याला शेणात बसवलं.

"अवो, त्याला पेंड तरी खाऊ द्या!" काकू ओरडली. तिला हसू आवरेना. सोनबानं गावाला आपल्या दारी धाडण्यासाठीच हे कोडं असं रचलं, हे तिनं तेव्हाच ओळखलं. असा तोडीचा भिडू आपल्या वाट्याला आला, याचा तिला अभिमान वाटला. वर्षभर तेलाच्या धारेकडे बघत ती याच कोड्याची वाट बघत असे.

रात्री तिनं विचार केला आणि सकाळी उत्तर तिच्या ओठांवर होतं. भैरोबाच्या आवारातली दीपमाळ जागची हलत नाही. हलते ती तिची सावली. भर दुपारी सावलीचं टोक जिथं पडेल, तिथं डबी.

दुपारी काकू डोक्यावर पदर घेऊन देवळात गेली. सावलीचं टोक दीपमाळेच्या पायथ्यालगत, सपाट फरशीवर पडलं होतं. तिथं मुंगी लपायलाही जागा नव्हती. तिनं फरश्यांच्या सांधीतून बोटं फिरवली. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. पारावर बसलेली माणसं हसू लागली. "काकू, फरशी पुसायची तर ओलं फडकं आणा," असं एकजण म्हणाला. काकू सांधी चाचपत राहिली. पहिल्यांदाच गाव तिला हसत होतं आणि उत्तर बरोबर आहे याची तिला खात्री होती.

जत्रेच्या आदल्या दिवशी ती घाण्याला तीळ घालत होती आणि मूठ तशीच हवेत राहिली. संक्रांतीच्या आधी तिनं भैरोबाच्या आवारात तीळ वाळत घातले होते. तेव्हा दुपार झाली की दीपमाळेची सावली पार भिंतीपर्यंत लांबायची आणि तिला चादर ओढून उन्हात घ्यावी लागायची. थंडीतली सावली लांब, चैत्रातली आखूड! सोनबानं डबी थंडीतच लपवली असणार.

ती तशीच उठून देवळात गेली. थंडीत सावली टेकायची तिथला भिंतीतला एक दगड किंचित सैल होता. मागे डबी होती. आतली दोरी कोरी होती, एकही धागा नाही. हळदीचा धागा तिच्या कमरेला होता. तो बांधला की उद्याचा दिवा तिचा. तिनं डबी मिटली, दगड होता तसा बसवला आणि धागा कमरेलाच ठेवून ती सोनबाच्या दुकानी गेली.

"भावजी, असं कोडं तुम्ही आजवर घातलं न्हाई," ती म्हणाली. "पर तुमचा गडी उन्हाळ्यात आखडला."

सोनबा आधी हसला. मग त्याच्या हातातली हातोडी थांबली. नियमाप्रमाणे पौषानंतर तो देवळाच्या बाजूला फिरकलाच नव्हता.

"म्हंजे डबी घावली तुला?"

"घावली. पर कोड्यानं न्हाई नेलं, तुमच्या चुकीनं नेलं. मी धागा बांधला न्हाई."

"मग आता?"

"मी कुणाला बोलायची न्हाई. दिवा तुमचा हाय, लावा." एवढं बोलून ती निघून गेली.

सोनबाला सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. कुणाच्याच धाग्याची गाठ डबीत नव्हती. मान आपसूक त्याचा होता आणि चूक जाणणारी एकच बाई होती, तीही गप्प राहणार होती. जत्रेच्या दिवशी दुपारी तो देवळात गेला. दीपमाळेच्या पायाशी सावली मांजरासारखी अंग चोरून पडली होती. ज्या फरशीवर गाव काकूला हसलं, तिथं उभं राहून त्यानं भिंतीकडे पाहिलं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

तिन्हीसांजेला ढोल वाजले. गुरवानं हाक दिली, "सोनबा, ये रं, दिवा लाव!" सोनबा दिवटी घेऊन पुढे आला, पण त्यानं ती पेटवली नाही.

"मंडळी," तो म्हणाला, "औंदा कोडं माझंच चुकलं. पौषातली सावली मी चैत्रात विकली. गिरजावैनी जिथं उभी होती, तिथंच कोडं नेत हुतं. हसायचं तर मला हसा. मान तिचा हाय."

कुणीही हसलं नाही. सगळे काकूकडे बघू लागले.

"मी धागा बांधलेला न्हाई," काकू ठामपणे म्हणाली. "कोडं मला डबीपाशी नेईल तवा बांधीन. चुकीचा मान मला नको."

दोघंही हटेनात. शेवटी त्या वर्षीचा पहिला दिवा गुरवानंच लावला. बाहेरगावचे पाहुणे विचारत होते, औंदा जिंकलं कोण? आणि हिवरटेकची माणसं छाती काढून सांगत होती, औंदा कुणीबी न्हाई!

पौष आला. एका दुपारी सगळं गाव भैरोबाच्या आवारात जमलं. घाणा बंद होता, तांबटाचं दुकान बंद होतं. सावली फरशीवरून सरकत सरकत भिंतीकडे गेली आणि ऊन माथ्यावर आलं, तेव्हा तिचं टोक बरोबर त्या सैल दगडावर टेकलं. एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. गावानं एकच आरोळी ठोकली. सोनबाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपलं कोडं खरं होतं, हे त्यानं सगळ्या गावाबरोबर पाहिलं.

काकूनं दगड काढला, डबी उघडली आणि हळदीचा धागा गाठ मारून बांधला. मग वळून म्हणाली, "भावजी, औंदा मातुर सोपं न्हवतं."

पुढच्या पाडव्याला सोनबानं नवं कोडं घातलंच नाही. म्हणाला, आधी राहिलेला मान पोचू दे. जत्रेला गिरजाकाकूनं दीपमाळेचा पहिला दिवा लावला. तेल तिच्या घाण्याचं होतं आणि हातातली दिवटी सोनबानं घडवलेली होती. तो तिच्या शेजारी असा ताठ उभा होता, की दोघांतलं जिंकलं कोण हे परक्याला ओळखता आलं नसतं.

तात्पर्य: जिंकण्याआधी खेळ खरा ठेवावा. आपली चूक चारचौघांत कबूल करणारा आणि दुसऱ्याच्या चुकीवर न जिंकणारा, असे दोघे समोरासमोर आले तर हरणाऱ्याचीही मान ताठ राहते.