वप्पकाचे स्वच्छ तळे

पूर्वी काशीदेशात यशोधन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका डोंगराच्या पायथ्याशी रेड्याच्या जन्माला आला. अंगाने धिप्पाड, रंगाने काळाभोर, आणि डावे शिंग जन्मापासूनच वाकडे, गालाकडे वळलेले. मोठा झाल्यावर तो आपल्या कळपाचा नायक झाला. डोंगराच्या उताराखाली एक खोलगट जागा होती. पावसाचे पाणी तिथे उतरून येई आणि पुढच्या पावसापर्यंत टिके. कळपाच्या कितीतरी पिढ्या त्यात डुंबल्या, लोळल्या, रवंथ करीत बसल्या. पाणी तसे गढूळच असे, पण म्हशींना गढूळपणाचे वाईट कधी वाटले आहे?

एके वर्षी त्या उतारावर माणसे राहायला आली. नगराच्या तटाखाली दाटीवाटीने राहून, दुसऱ्यांची घरे बांधण्यात आयुष्य घालवून ही कुटुंबे कंटाळली होती. राजाने त्यांना ही पडीक जमीन दिली. त्यांचा मुखिया होता वप्पक. घरे बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कसदार माती शेतासाठी मोकळी ठेवून त्याने घरे खडकाळ उंचवट्यावर मांडली. झाड तोडू नये म्हणून गल्लीलाच वळसा घातला. भिंती जाड, वर मातीचे सपाट छप्पर म्हणजे धाबे, खिडक्या वाऱ्याच्या वाटेवर. भर उन्हातून आत आलेल्या माणसाला तिथून उठावेसे वाटत नसे. "आता तटाखाली परत जायचं नाही," असे वप्पक ज्याला त्याला सांगे, आणि लोकांचा त्याच्या शब्दावर विश्वास होता.

माणूस गुणी, फक्त स्वच्छतेचा भारी सोस. त्याची बायको मणिका त्याला हसून म्हणे, "अहो, चिखलावर पोट भरता आणि चिखल दिसला की नाक मुरडता!"

पहिल्या उन्हाळ्यात तळ्याच्या एका काठाला घागरी आणि दुसऱ्या काठाला म्हशी, असे चालून गेले. पाणी निवळून, गाळून घ्यावे लागे, पण ते पुरले. वप्पकाच्या डोळ्यांत मात्र तो गाळ खुपत राहिला. पावसाच्या आधी त्याने सगळ्यांना कुदळी घेऊन बोलावले. म्हशींना काठ्यांनी हाकलले, काठाला बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले. तळाचा काळा, चिकट गाळ पार खालचा मुरूम दिसेपर्यंत उपसला. त्या गाळाचा गिलावा इतका सुरेख झाला की भिंती आरशासारख्या दिसू लागल्या. घरांतल्या जमिनीही त्याच गाळाने केल्या. तळ्याला दगडी पायऱ्या बसवल्या. पाऊस होऊन तळे भरले तेव्हा त्यात डोंगर उलटा दिसत होता, आणि वप्पक रोज सकाळी उगीचच जाऊन तो पाहून येत होता.

काट्यांनी अंग ओरबाडलेला कळप डोंगर ओलांडून नदीवर गेला. तिथे गवत उंच होते, पाणी वाहते होते, हाकलणारे कोणी नव्हते. म्हशी सुखावल्या.

इकडे दिवाळी होते न होते तोच तळ्याचे पाणी खाली जाऊ लागले. माघात पायऱ्या उघड्या पडल्या. मणिका काळजीत पडली. "घागरी तेवढ्याच, माणसं तेवढीच. मग पाणी जातं कुठं?" वप्पकाने आणखी दगड बसवले, आणखी झाडलोट केली. पाणी जातच राहिले. चैत्रात मधोमध एक उथळ डबके उरले, आणि लोक गाठोडी बांधू लागले. कोणी त्याला बोल लावला नाही, त्याचेच त्याला जास्त लागले. सकाळी सगळे तटाखाली परत निघणार होते.

म्हशींच्या पाठीवर बसणाऱ्या बगळ्यांनी ही बातमी नदीवर नेली होती. ती ऐकून बोधिसत्त्व उठून उभा राहिला.

त्याची म्हातारी आई म्हणाली, "तुझ्या अंगावरचे वण अजून बुजले नाहीत, बाळा."

"त्यांनी वाईट मनानं नाही केलं, आई. चांगलं करायला गेले आणि चुकले. त्यांची पोरं तहानली आहेत."

"मग चल," म्हातारी अंग झटकत म्हणाली. "तुला एकट्याला झेपेल का ते?"

लोक निघण्याच्या आदल्या दिवशी ऐन दुपारी कळप तळ्यावर आला. वाकड्या शिंगाच्या रेड्याने काट्यांचे कुंपण छातीने बाजूला केले, दगडी पायऱ्या उतरला आणि गावाच्या उरल्यासुरल्या पाण्यात जाऊन उभा राहिला. लोक ओरडत धावले. वप्पकाचा तर संतापाने तोल गेला. त्याने दगड उचलून भिरकावला. तो रेड्याच्या डोळ्याच्या वर बसला आणि काळ्या कपाळावरून रक्ताची धार लागली.

रेडा पळाला नाही. शिंगे रोखून अंगावरही आला नाही. त्याने एकदा वप्पकाकडे पाहिले आणि पाय उचलून डबक्याच्या तळाशी पावसाने आणून टाकलेला चिखल तुडवू लागला. त्याच्यामागे कळप तुडवू लागला. लोळायचे, उठायचे, पुन्हा तुडवायचे. लोकांनी काठ्या मारून पाहिल्या, आणि मग हात खाली टाकले. उद्या जायचेच होते.

सकाळी निघताना मणिका रिकामी घागर घेऊन, निदान निरोप घ्यावा म्हणून, तळ्यावर गेली आणि तिथूनच तिने हाक मारली.

"अहो, लवकर या! हे बघा तरी!"

स्वच्छ झाडलेला तळ कोरडा ठणठणीत होता. पण जिथे म्हशींनी तुडवले होते, तिथे प्रत्येक खुराच्या ठशात पाणी उभे होते. रात्रभर ते कुठेही गेले नव्हते.

वप्पक खाली बसला. त्याने एका ठशात बोट घातले. मऊ, चिकट, घट्ट. ही माती त्याच्या ओळखीची होती. "मणिका," तो म्हणाला, "धाब्यावरची माती आपण तुडवतो ती कशासाठी गं?"

"पाऊस घरात येऊ नये म्हणून."

"म्हणजे तुडवलेल्या मातीतून पाणी जात नाही, हे मला ठाऊक होतं. जन्मभर ठाऊक होतं. आणि यांनी पिढ्यान् पिढ्या तुडवलेला तळ्याचा तळ मी उकरून माझ्या भिंतींना फासला." तो लहान मुलासारखा रडला.

मग उठला, घरी गेला, कुदळ घेतली आणि आपल्या आरशासारख्या भिंतीवर पहिला घाव घातला. सारे गाव पाहत राहिले. गिलाव्याचे पोपडे त्याने पाटीत भरले आणि तळ्यात नेऊन ओतले. दुसरी पाटी मणिकाची होती. तिसऱ्या पाटीच्या वेळी शेजाऱ्याने आपले गाठोडे सोडले आणि तोही कुदळ शोधू लागला. घराघरांतून तळ्याची माती तळ्यात परत आली. माणसांनी ओतायची, कळपाने तुडवायची, असे दिवसामागून दिवस चालले. तोवर पिण्याचे पाणी नदीवरून आणले, आणि नदीची वाट म्हशींच्या पायवाटेनेच दाखवली. घरांना डोंगरातल्या तांबड्या मातीचा गिलावा झाला. तो काही चमकत नव्हता, पण घरे तशीच थंड राहिली.

वप्पकाने रेड्याच्या जखमेत हळद भरली. "बाबा, मी तुला दगड मारला रे," तो म्हणाला. रेडा जोरात फुरफुरला आणि वप्पकाच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर चिखल उडाला. मणिका पोट धरून हसली. त्या दिवसापासून वप्पकाच्या धोतराला चिखल नाही असा दिवस गेला नाही.

पाऊस आला आणि गेला. माणसांनी काठापासून थोडे दूर एक झिरा खणला. डोंगरातले पाणी वाळूतून झिरपून त्यात निर्मळ होऊन येई. तळे म्हशींचेच राहिले. पुढचा चैत्र आला तेव्हा ते निम्म्याहून जास्त भरलेले होते, आणि कोणी तटाखाली परत गेले नाही.

पुढे बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वाने, म्हणजे शास्त्याने, विहारात भिक्षूंना ही कथा सांगितली तेव्हा विहाराचे बांधकाम पाहणारा भिक्षू उत्पलक मान खाली घालून बसला होता. पाणी गढूळ होते म्हणून त्याने त्याच सकाळी विहाराच्या तळ्याला काट्यांचे कुंपण घातले होते, आणि एक म्हातारी गवळण आपल्या म्हशी घेऊन दाराशी ताटकळत उभी होती.

शास्ता म्हणाला, "त्या वेळी नवऱ्याला हाक मारणारी मणिका, ती आज या दाराशी उभी आहे. कळप म्हणजे तुम्ही सारे भिक्षू. माझी आई तेव्हाही माझी आईच होती. वप्पक तो हा उत्पलक, आणि वाकड्या शिंगाचा रेडा मी."

उत्पलकाने घाबरून वर पाहिले. "भंते, म्हणजे तो दगड..."

"तुझा नेम तेव्हाही चांगला होता," शास्ता हसून म्हणाला.

उत्पलकाला रडूही आले आणि हसूही आले. वंदन करून तो तसाच उठला आणि तळ्यावर जाऊन हातांनीच काटे उपसू लागला. दगड सोसूनही दगड मारणाऱ्याची तहान ज्याला दिसत राहते, त्याच्या त्या सोसण्याला क्षांती म्हणतात. बोधिसत्त्वाने रेड्याच्या जन्मात पूर्ण केलेली क्षांतीपारमिता ती हीच.